मुंबईकरांनी कुठलं गोल्ड घ्यावं: एअर इंडिया, सिंगापूर, टर्किश की फ्लाइंग ब्लू?

नेहमी उडणाऱ्यांना विमान कंपन्या सदस्यत्वाचं कार्ड देतात. हे कार्ड एअर इंडियाचं असो, सिंगापूर एअरलाइन्सचं असो की टर्किशचं, ते गोल्ड पातळीचं असेल तर सहारच्या टी-२ वर बोर्डिंग पासवर खूण एकच उमटते: एक चांदणी आणि पुढे जी. तुम्ही हे गोल्ड कुठून कमावलं याच्याशी लाउंजच्या दारावर कुणालाच देणंघेणं नसतं. तरीही बहुतेक जण ज्या कंपनीच्या विमानात पहिल्यांदा बसले तिच्याच सदस्यत्व कार्यक्रमाचा फॉर्म भरतात आणि पुढची दहा वर्षं तोच नंबर देत राहतात. ते महागात पडतं. फायदे अलायन्सचे, म्हणजे स्टार, वनवर्ल्ड आणि स्कायटीम या विमान कंपन्यांच्या तीन गटांचे असतात आणि बऱ्यापैकी समान असतात. ते मिळवायला प्रत्येक कार्यक्रम किती किंमत घेतो, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी मिळतं काय ते बघू. स्टार अलायन्स गोल्ड म्हणजे स्वतःला आणि सोबत प्रवास करणाऱ्या एकाला लाउंज, वेगळा चेक-इन काउंटर, आधी बोर्डिंग, बेल्टवर आधी येणारं सामान आणि वजनाच्या हिशेबात २० किलो जादा. जिथे नग मोजतात तिथे एक नग जादा. वनवर्ल्डमध्ये याच्या तोडीची पातळी सफायर, तिच्यावर एमराल्ड. सफायरला सामानाची सवलत थोडी कमी, १५ किलो किंवा एक नग. स्कायटीममध्ये एलिट प्लस. एलिट प्लसचा एक काटा लक्षात ठेवा: लाउंज फक्त आंतरराष्ट्रीय प्रवासात मिळतं, निव्वळ देशांतर्गत प्रवासात नाही. या तिन्हींच्या खालच्या पातळ्या, म्हणजे सिल्व्हर, रुबी आणि साधी एलिट, कार्डावर छान दिसतात. स्टार सिल्व्हरमध्ये हाती लागतं ते वेटलिस्टमधलं प्राधान्य. त्यासाठी एकही जादा फेरी मारू नये.

लाउंजचं कौतुक मुंबईत कमी झालंय हे खरं. निम्म्या शहराकडे लाउंज देणारं क्रेडिट कार्ड आहे आणि सुट्टीच्या दिवसांत दाराबाहेरची रांग सिक्युरिटीपेक्षा लांब असते. म्हणून फक्त इथल्या लाउंजसाठी स्टेटसच्या, म्हणजे या वरच्या पातळ्यांच्या, मागे लागू नका. खरी कमाई तीन ठिकाणी होते: परतीच्या वाटेवर परदेशातल्या विमानतळावर, सामानाच्या काट्यावर आणि विमान रद्द झाल्यावर. जुलैमधल्या एखाद्या रात्री पावसाने वेळापत्रक कोलमडलं की दुसऱ्या दिवशीच्या विमानातल्या उरलेल्या जागा कुणाला आधी द्यायच्या याची यादी स्टेटस बघून लागते.

आता मुंबईचा नकाशा. स्टारमध्ये एअर इंडिया (११ जुलै २०१४ पासून), सिंगापूर, लुफ्तान्सा, स्विस, टर्किश, थाई, इथिओपियन. वनवर्ल्डमध्ये ब्रिटिश एअरवेज, कतार, कॅथे पॅसिफिक, मलेशिया, श्रीलंकन आणि २०२५ च्या जूनअखेरीस सामील झालेली ओमान एअर. स्कायटीममध्ये एअर फ्रान्स, केएलएम, सौदिया, केनिया एअरवेज आणि २०२३ पासून व्हर्जिन अटलांटिक. एमिरेट्स आणि एतिहाद कुठल्याच अलायन्समध्ये नाहीत. इंडिगोही नाही.

आणि एअर इंडिया एक्स्प्रेससुद्धा नाही. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. नाव तेच, मालक तोच, तिकीट बऱ्याचदा एअर इंडियाच्याच साइटवरून काढलेलं, पण विमान एक्स्प्रेसचं असेल तर तुमचं परदेशी स्टार गोल्ड कार्ड तिथे चालत नाही. ना जादा २० किलो, ना लाउंज. एअर इंडियाच्या काही मार्गांवर आता एक्स्प्रेसची विमानं उडतात, त्यामुळे तिकीट काढताना ‘ऑपरेटेड बाय’ ही बारीक अक्षरातली ओळ वाचायचीच. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाला, तिथे सुरुवातीपासून दिसणाऱ्या इंडिगो, एअर इंडिया एक्स्प्रेस आणि अकासा या तिन्ही कंपन्या अलायन्सबाहेरच्या आहेत. पनवेल-खारघरच्या मंडळींना तो विमानतळ जवळचा असेल, स्टेटसच्या दृष्टीने तूर्त तो कोराच आहे. कतारच्या नंबरावर विकलेलं पण प्रत्यक्षात इंडिगोने उडवलेलं विमान, याचंही तेच: विमानाचा नंबर आणि उडवणारी कंपनी दोन्ही वनवर्ल्डच्या असल्याशिवाय सफायर लागू होत नाही.

निवडीचा मुख्य प्रश्न एकच आहे. कार्यक्रम पैसे मोजतो की अंतर? खर्च मोजणाऱ्या कार्यक्रमात महाग तिकीट घेणारा पुढे जातो, अंतर मोजणाऱ्यात लांब जाणारा. तिकिटाचे पैसे कंपनी भरत असेल तर पहिला प्रकार, स्वतःच्या खिशातून जात असतील तर दुसरा.

एअर इंडियाचा महाराजा क्लब

कंपनीच्या जुन्या फ्लाइंग रिटर्न्स कार्यक्रमाचं हे नवं रूप. २०२४ मध्ये नियम बदलून तो खर्चावर आणला गेला, १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा विलीन झाली तेव्हा क्लब विस्ताराचे सदस्यही इथेच आले. रेड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम या चार पातळ्या, त्यातल्या वरच्या दोन्ही स्टार गोल्ड. एअर इंडियाच्या स्वतःच्या विमानांवर पॉइंट्स मिळतात ते खर्चाच्या हिशेबात, सरकारी कर वगळून.

आठवड्याला मुंबई-दिल्ली करणाऱ्यांना दुसरा पर्याय शोधायची गरज नाही. मुंबई-दिल्ली अंतर साधारण ७१० मैल. अंतर मोजणाऱ्या परदेशी कार्यक्रमात स्वस्त तिकिटावर त्याचे निम्मे, म्हणजे साडेतीनशे मिळाले तर महिन्याला चार उड्डाणं करूनही वर्षाचे जेमतेम १७,००० होतात. त्यात कुठलंच गोल्ड होत नाही. खर्चाच्या हिशेबात मात्र आयत्या वेळी काढलेलं बारा-पंधरा हजारांचं दिल्लीचं तिकीट भराभर पुढे नेतं. शिवाय वरच्या पातळीच्या सदस्याला दर शंभर रुपयांमागे जास्त पॉइंट्स मिळतात, जे परदेशी कार्ड दाखवून मिळत नाहीत.

उलट वर्षातून दोनदा सेलमध्ये लंडनचं तिकीट काढणाऱ्याला इथे काही मिळणार नाही. सात हजार किलोमीटर उडालात याची दखल खर्चाच्या हिशेबात घेतली जात नाही.

सिंगापूरचा क्रिसफ्लायर

एलिट सिल्व्हर २५,००० एलिट माइल्सला (पातळी ठरवणारे, उडालेल्या अंतरावर मिळणारे गुण), एलिट गोल्ड ५०,००० ला, बारा महिन्यांत. स्टार गोल्ड म्हणजे एलिट गोल्ड. मुंबई-सिंगापूर एका बाजूचं अंतर साधारण २,४३० मैल. अंतराचे पूर्ण शंभर टक्के माइल्स मिळणाऱ्या इकॉनॉमी तिकिटावर जाऊन-येऊन ४,८६० होतात, म्हणजे अकरा फेऱ्या. सगळ्यात स्वस्त तिकिटावर ५० टक्केच मिळतात, तेव्हा एकवीस. बिझनेसला १२५ टक्के धरले तर नऊ. सिंगापूरवरून पुढे सिडनी किंवा टोकियोला जाणाऱ्यांचा आकडा झपाट्याने खाली येतो. खरं तर हा कार्यक्रम त्यांच्यासाठीच आहे. मुंबईहून सिंगापूरला जाऊन परत येणाऱ्यासाठी तो दमवणारा आहे.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावरची एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गोल्ड कार्डावर टर्मिनल तीनमध्ये क्रिसफ्लायर गोल्ड लाउंज मिळतं, शेजारचं सिल्व्हरक्रिस नाही. ते बिझनेसच्या तिकिटावर किंवा गोल्डच्याही वरच्या पीपीएस क्लबवाल्यांना. पीपीएससाठी वर्षाला २५,००० सिंगापूर डॉलरचा वरच्या वर्गातला खर्च लागतो, म्हणजे तो कंपनीच्या पैशानेच व्हायचा. माइल्स मात्र वापरायला उत्तम आहेत, आणि तीन वर्षं टिकतात. सिंगापूर एअरलाइन्सकडे एअर इंडियाचा २५.१ टक्के हिस्सा आहे, पण त्यामुळे दोन्हींचे कार्यक्रम एक झाले असं समजू नका. खाती वेगळी, नियम वेगळे.

टर्किशचा माइल्स अँड स्माइल्स

कागदावर मुंबईकरासाठी सगळ्यात स्वस्त स्टार गोल्ड. क्लासिक प्लस २५,००० स्टेटस माइल्सला, एलिट ४०,००० ला. एलिट म्हणजे स्टार गोल्ड आणि मिळालं की दोन वर्षं टिकतं. क्रिसफ्लायरपेक्षा दहा हजारांनी कमी आणि मुदत जास्त. मुंबई-इस्तंबूल-लंडन एका बाजूला साधारण ४,५५० मैल, पूर्ण टक्केवारीच्या तिकिटावर जाऊन-येऊन ९,१०० आणि पाच फेऱ्यांत काम होतं. अमेरिकेला जाणाऱ्यांना तर तीन पुरतात. स्टारच्या इतर विमानांचे माइल्सही स्टेटसमध्ये धरतात, त्यामुळे लुफ्तान्साने गेलात तरी याच खात्यात टाकता येतात.

२०२५ च्या मे महिन्यानंतर टर्कीशी व्यवहार नको म्हणणारे बरेच आहेत. तो ज्याचा त्याचा निर्णय. ज्यांना तो प्रश्न नाही त्यांच्यासाठी आमचा कौल इथेच आहे: स्वतःच्या पैशाने, इकॉनॉमीत, पश्चिमेकडे जाणारा माणूस. दोष ग्राहकसेवेचा. न जमा झालेले माइल्स मागायचे तर ऑनलाइन फॉर्म, मग ईमेल, मग पुन्हा तोच फॉर्म. कागद जपून ठेवणाऱ्यांनीच या वाटेला जावं.

लुफ्तान्सा आणि युनायटेड

थोडक्यात: मुंबईच्या बहुतेकांनी टाळावेत. लुफ्तान्साच्या माइल्स अँड मोअरमध्ये २०२४ पासून सेनेटरसाठी, म्हणजे तिथल्या स्टार गोल्डसाठी, २,००० पॉइंट्स लागतात आणि त्यातले १,००० क्वालिफाइंग, म्हणजे मुख्यतः लुफ्तान्सा समूहाच्याच विमानांवर कमावलेले. खालचं फ्रिक्वेंट ट्रॅव्हलर ६५० ला मिळतं, त्यावर लुफ्तान्सा समूहाच्या विमानांना बिझनेस लाउंज मिळतं, पण स्टारच्या दृष्टीने ते सिल्व्हरच. बँकॉकला थाईच्या काउंटरवर ते दाखवून उपयोग नाही.

युनायटेडमध्ये २०२५ पासून गोल्डला १२,००० पीक्यूपी (मुख्यतः खर्चावर मिळणारे पात्रता गुण), किंवा ३० उड्डाणं आणि १०,००० पीक्यूपी. शिवाय वर्षात किमान चार उड्डाणं युनायटेडची हवीत. आणि गंमत अशी की एवढं करून युनायटेडचं गोल्ड घेतलं तर अमेरिकेतल्या देशांतर्गत विमानांना लाउंज मिळत नाही. बाहेरच्या कार्यक्रमाच्या स्टार गोल्डला मात्र मिळतं. एडिसनला राहणारा भाचा युनायटेडचं गोल्ड घेऊन गेटवर बसतो आणि मुंबईहून आलेल्या मावशी क्रिसफ्लायर गोल्ड दाखवून नेवार्कच्या युनायटेड क्लबात कॉफी पितात. सोबत एकाला नेता येत असल्याने भाच्याने मावशीशी गोड बोलावं.

फ्लाइंग ब्लू

एअर फ्रान्स आणि केएलएमचा हा कार्यक्रम पैसे मोजत नाही आणि मैलही मोजत नाही, स्टेटससाठी एक्सपी मोजतो, म्हणजे प्रत्येक उड्डाणाला टप्पा आणि वर्ग बघून मिळणारे ठरावीक गुण. मुंबई-पॅरिस किंवा मुंबई-ॲमस्टरडॅम हा ३,५०० ते ५,००० मैलांच्या टप्प्यात येतो: इकॉनॉमी १०, प्रीमियम इकॉनॉमी २०, बिझनेस ३०. पुढचा युरोपातला छोटा टप्पा, समजा पॅरिस-बार्सिलोना, इकॉनॉमीत ५ आणि बिझनेसमध्ये १५. म्हणून थेट विमानापेक्षा एक कनेक्शन असलेलं तिकीट इथे जास्त देतं. तिकीट स्वस्त होतं की महाग, याने फरक पडत नाही.

सिल्व्हर १००, गोल्ड १८०, प्लॅटिनम ३००. इथे जो घोळ होतो तो नीट समजून घ्या. हे आकडे शून्यापासूनचे नाहीत. सिल्व्हर झालात की १०० वजा होतात आणि गोल्डसाठी पुन्हा १८० लागतात, म्हणजे नव्या सदस्याला एकूण २८०. बिझनेसमध्ये मुंबई-पॅरिस-बार्सिलोना जाऊन-येऊन ९०. तीन फेऱ्यांत २७० होतात आणि गोल्ड दहाने हुकतं! तिथे चौथी बिझनेस फेरी कशाला? मुंबई-पॅरिसचं एका बाजूचं इकॉनॉमी तिकीट बरोबर १० एक्सपी देतं. पर्यायी इंधनासाठी पैसे भरूनही एक्सपी मिळतात, छोटी फट बुजवायला तो मार्ग बरा. प्रत्येक पातळी गाठली की बारा महिन्यांचं घड्याळ नव्याने सुरू होतं आणि उरलेले एक्सपी पुढे जातात.

कंपनीच्या बिझनेस तिकिटावर युरोप करणाऱ्या मुंबईकरासाठी हा सगळ्यात सोपा कार्यक्रम. इकॉनॉमीत कनेक्शनसह एका फेरीला ३०, म्हणजे गोल्डला दहा फेऱ्या. तेव्हा विचार सोडा. लंडनला व्हर्जिनने गेलात तरी नंबर फ्लाइंग ब्लूचा देता येतो.

वनवर्ल्ड: कतार की ब्रिटिश?

ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून जुनी पद्धत मोडली. आता एका पौंडाला एक टियर पॉइंट: ब्राँझ ३,५००, सिल्व्हर ७,५००, गोल्ड २०,०००. सफायर म्हणजे त्यांचं सिल्व्हर, आणि ७,५०० पौंड म्हणजे साडेआठ-नऊ लाख रुपये, तेही कर सोडून. पूर्वी स्वस्त बिझनेस तिकिटांची जोडाजोड करून हे थोडक्यात व्हायचं, ते दिवस संपले. ज्यांची कंपनी दर दोन महिन्यांनी लंडनच्या हीथ्रोला टी-५ वर पाठवते त्यांचं आपोआप होईल, बाकीच्यांनी सोडून द्यावं.

कतारच्या प्रिव्हिलेज क्लबमध्ये गोल्ड, म्हणजे सफायर, ३०० क्यूपॉइंट्सला (कतारचे स्टेटसचे गुण) आणि प्लॅटिनम, म्हणजे एमराल्ड, ६०० ला. एकदा गोल्ड झालात की टिकवायला थोडे कमी, २७०. अंतर आणि वर्ग दोन्हींवर पॉइंट्स ठरतात, त्यामुळे दोहामार्गे अमेरिकेला बिझनेसमध्ये जाणाऱ्यांना हे लवकर जमतं. दोह्याचं गाजलेलं अल मुर्जान लाउंज बिझनेसच्या तिकिटावरचं आहे, कार्डवाल्यांची सोय वेगळी. फोटो पाहून अपेक्षा ठेवू नका. कतार आणि ब्रिटिश दोन्हीकडे खर्चायच्या माइल्सचं नाव एव्हिऑसच, आणि ते एकातून दुसऱ्यात हलवता येतात. स्टेटसचे गुण हलत नाहीत.

एमिरेट्सबद्दल विचारणारे बरेच असतात. त्यांच्या स्कायवर्ड्स कार्यक्रमात गोल्डला ५०,००० टियर माइल्स किंवा ५० उड्डाणं. दुबईमार्गे एका फेरीत चार उड्डाणं धरली तर तेरा फेऱ्या. आणि ते गोल्ड अलायन्समध्ये कुठे चालत नाही. दुसऱ्या कंपनीने जायचंच नाही अशांनीच घ्यावं.

पैसे आणि माइल्स कुठे गळतात

पहिली गळती बुकिंग क्लासची. तिकिटावर इकॉनॉमी लिहिलेलं असतं, पण हिशेब होतो तो शेजारच्या एका अक्षरावर. एकाच रांगेतल्या दोघांपैकी एकाला १०० टक्के आणि दुसऱ्याला २५ किंवा शून्य मिळू शकतात. पैसे भरण्याआधी ते अक्षर बघा आणि ज्या कार्यक्रमात माइल्स टाकायचेत त्याच्या साइटवर त्या विमान कंपनीचा तक्ता उघडा. कंपनीचा स्वतःचा तक्ता बघून उपयोग नाही, कारण एकाच लुफ्तान्सा तिकिटाला सिंगापूर वेगळी टक्केवारी देतं आणि टर्किश वेगळी.

दुसरी गळती क्रेडिट कार्डची. कार्डाचे पॉइंट्स क्रिसफ्लायर किंवा फ्लाइंग ब्लूमध्ये वळवले की खात्यात माइल्स दिसतात, पण त्यांनी स्टेटस वाढत नाही. तिकीट काढायला ते सोनं आहेत, गोल्डसाठी बिनकामाचे.

तिसरी नावाची, आणि ती खास आपली. पासपोर्टवर गिव्हन नेमच्या ओळीत बऱ्याच मराठी लोकांचं स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. ट्रॅव्हल एजंट ते जोडून छापतो, कार्यक्रमाच्या खात्यात मात्र फक्त पहिलं नाव भरलेलं असतं. यंत्राला दोन माणसं वेगळी वाटतात आणि माइल्स जमा होत नाहीत. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललेलं असेल तर तीच गत. खातं उघडतानाच पासपोर्टच्या दोन ओळी जशाच्या तशा भरा. आधी चुकलं असेल तर प्रवासाआधी पासपोर्टची प्रत पाठवून दुरुस्त करा.

वर्ष कुठून मोजतात हेही बघावं. क्रिसफ्लायर, टर्किश, फ्लाइंग ब्लू तुमच्या स्वतःच्या बारा महिन्यांवर चालतात, ब्रिटिश एप्रिल ते मार्च, युनायटेड जानेवारी ते डिसेंबर. कॅलेंडरवाल्या कार्यक्रमात पात्रता वर्षाच्या सुरुवातीला गाठली तर कार्ड जवळजवळ दोन वर्षं मिळतं. तेच डिसेंबरमध्ये गाठलं तर एकच वर्ष उरतं.

एका कंपनीचं स्टेटस दाखवून दुसरीचं मागायची सोय, म्हणजे स्टेटस मॅच, अधूनमधून निघते. साधारणपणे दुसऱ्या अलायन्सचंच कार्ड चालतं आणि ही संधी वारंवार मिळत नाही. पुढच्या सहा महिन्यांत मोठा प्रवास ठरलेला नसेल तर अर्ज करू नका, ती वाया जाते.

माइल्स साठवून ठेवण्याबद्दल मुंबईला वेगळं सांगायला नको. किंगफिशर २०१२ मध्ये वनवर्ल्डमध्ये जाण्याच्या उंबरठ्यावर थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ ला जमिनीवर आली. जेटप्रिव्हिलेजचे माइल्स पुढे इंटरमाइल्समध्ये गेले, प्लॅटिनमची कार्डं पाकिटात राहिली. स्टेटस कमवा, माइल्स खर्च करा.

माइल्स दोन आठवड्यांत दिसले नाहीत तर मागणी करा. लागतात तीन गोष्टी: तेरा आकडी तिकीट नंबर, बोर्डिंग पास आणि बुकिंग क्लासचं अक्षर. तिकीट नंबराचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात, एअर इंडियाचे ०९८, सिंगापूरचे ६१८, लुफ्तान्साचे २२०, टर्किशचे २३५. पीएनआर म्हणजे तिकीट नंबर नव्हे, फॉर्ममध्ये तो टाकला की अर्ज परत येतो. मोबाइलवरचा बोर्डिंग पास विमान उडाल्यावर ॲपमधून गायब होऊ शकतो, तेव्हा गेटवर असतानाच स्क्रीनशॉट घ्या. माइल्स एकदा चुकीच्या कार्यक्रमात जमा झाले तर ते दुसरीकडे हलवून मिळत नाहीत, म्हणून बोर्डिंग पास हातात आल्यावर त्यावर छापलेला नंबर कुठल्या कार्यक्रमाचा आहे ते काउंटर सोडण्याआधीच वाचा.